टाकीवरचं नाव तेच, आतलं वायरिंग वेगळं

(मोटारसायकलींचे प्रदूषण-नियम आणि त्यामुळे बदलत गेलेली गाडीची वीजयंत्रणा या विषयावर गांधीबाग, नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



नागपुरात इतिहासावर बोलायचं म्हटलं की भोसल्यांचा वाडा, सीताबर्डीचा किल्ला, फार तर एम्प्रेस मिल एवढ्यावर आपण येऊन थांबतो. आजचा विषय वाचून काहींनी आधीच विचारलं, की मोटारसायकलच्या धुराला कसला आलाय इतिहास? तर आहे. आणि तो फार लांबचा नाही, या सभागृहाबाहेर ज्या गाड्या उभ्या आहेत त्यांच्या सीटखाली आहे.

आपल्याकडे गाडी बंद पडली की माणूस मिस्त्रीला एकच वाक्य सांगतो, "भाऊ, गाडी सुरू होऊन नाही राहिली." हे वाक्य १९८५ साली होतं तेच आजही आहे. बदललं ते मिस्त्रीचं उत्तर. १९८५ साली तो म्हणायचा, "पॉइंट साफ करावे लागतील." २००५ साली म्हणायला लागला, "सीडीआय गेला असेल." आज म्हणतो, "स्कॅनर लावून बघावं लागेल." या तीन उत्तरांच्या मध्ये चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याला वळण दिलं ते मुख्यतः सरकारच्या प्रदूषण-नियमांनी. नियम होते धुराविषयी. ते पाळताना बदललं गाडीचं वायरिंग. आणि वायरिंग बदललं तसं, गाडी नेमकी कोणाला कळते, हेही बदलत गेलं. मला आज हे तिसरं सांगायचं आहे. पण त्यासाठी पहिल्या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतील.

पॉइंट, कंडेन्सर आणि मॅग्नेट

सुरुवात करू राजदूत, येझदी, बुलेट आणि चेतकच्या काळापासून. बजाज ऑटोने इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर वेस्पा बनवायला घेतली ती १९६०च्या सुमारास. तो करार संपल्यावर १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून स्वतःच्या नावाची चेतक आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची, हे इथल्या ज्येष्ठ मंडळींना सांगायला नको.

या गाड्यांची वीज अगदी साधी होती. इंजिनाबरोबर फिरणारं एक चाक, त्याच्यात लोहचुंबक, आत तांब्याच्या तारेच्या कॉइल. याला आपले मिस्त्री सरळ 'मॅग्नेट' म्हणतात. चाक फिरलं की वीज तयार. एक कॉइल प्लगला ठिणगी पुरवायची, दुसरी हेडलाइटला. त्या काळच्या कित्येक स्कूटरना बॅटरीच नव्हती. म्हणून रेस दिली की दिवा उजळायचा, सिग्नलला थांबलं की मिणमिणायचा. हॉर्नचा आवाजसुद्धा इंजिनाबरोबर चढायचा-उतरायचा. हा एसी प्रवाह, म्हणजे दिशा बदलत राहणारा, इंजिनाच्या वेगावर अवलंबून असणारा.

ठिणगी नेमकी कधी पडायची हे ठरवायचे 'पॉइंट'. दोन धातूचे तुकडे, उघडायचे-मिटायचे. उघडले की ठिणगी. त्यांच्यातलं अंतर असायचं साधारण ०.४ मिलिमीटर. आता धातूवर धातू आपटला की झिजणारच. अंतर बदललं की ठिणगीची वेळ बदलली, वेळ बदलली की पेट्रोल नीट जळत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कुठून बाहेर पडणार? सायलेन्सरमधून. मिस्त्री पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, फिलर गेज लावायचा, आणि गेज नसेल तर जाड कागदाची घडी. दहा मिनिटांत गाडी सुरू. गंमत बघा, पॉइंट घासून तो नकळत प्रदूषणही कमी करत होता.

दुसरी गोष्ट टू-स्ट्रोकची. तिच्यात जळालेला धूर बाहेर जाण्याची वाट आणि ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येण्याची वाट काही काळ एकदमच उघडी असते. त्यामुळे ताज्या मिश्रणाचा मोठा वाटा न जळताच निघून जातो. वर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं, तेही जळतं. टू-स्ट्रोकमागचा तो निळसर धूर म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेलं पेट्रोल आणि ऑइलच. आणि याला १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत देशपातळीवर मर्यादा अशी नव्हती.

टेकडीवरची प्रयोगशाळा आणि आपलं नीरी

मोटार वाहन कायदा १९८८चा. अंमल १ जुलै १९८९ पासून. त्याच्याखालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ११५ क्रमांकाचा नियम आहे. आपण जी पीयूसी करतो तिचं मूळ तिथे. आधी फक्त उभ्या गाडीचा, नुसत्या आयडलिंगवरचा धूर मोजायचं ठरलं. १९९१ पासून नव्या गाड्यांसाठी 'दर किलोमीटरला किती ग्रॅम' असा हिशेब आला.

ग्रॅम मोजायचे तर गाडी चालवून बघावी लागते. पण चालवायची कशी? वर्धा रोडवर सुसाट की इतवारीत गर्दीतून? म्हणून 'ड्रायव्हिंग सायकल' लागते, म्हणजे ठरलेल्या सेकंदाला ठरलेला वेग. हे काम पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेने केलं, जी १९६६ साली स्थापन झाली. पुण्यासह काही मोठ्या शहरांत गाड्या प्रत्यक्ष चालवून त्यांनी १९८०च्या दशकात भारतीय ड्रायव्हिंग सायकल तयार केली. १०८ सेकंदांचा एक फेरा, असे सहा फेरे, मिळून जेमतेम चार किलोमीटर. सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास आणि कमाल वेग ४२. म्हणजे आपल्या कायद्याच्या कल्पनेतला मोटारसायकलवाला ४२च्या वर कधी जातच नव्हता! (हशा) हसू नका. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

या गोष्टीत नागपूरचाही वाटा आहे. वर्धा रोडवरचं नीरी १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झालं, १९७४ साली त्याला आजचं नाव मिळालं. १९७८ पासून नीरीने देशातल्या दहा शहरांची हवा नियमित मोजायला घेतली. त्या दहांत आपलं नागपूर होतं. पुढे सहा शहरांत हवेतलं प्रदूषण नेमकं कुठून येतं याचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा मुंबई आणि दिल्लीचं काम नीरीकडे होतं आणि पुण्याचं एआरएआयकडे. थोडक्यात, नळीच्या तोंडाशी काय निघतं ते पुण्यात मोजलं जात होतं आणि नाकाशी काय पोचतं ते नागपुरात.

आता आकडे. मोजकेच सांगतो. दुचाकीला दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १९९१ साली वजनानुसार १२ ते ३० ग्रॅमपर्यंत चालत होता. १९९६ साली ती मर्यादा ४.५ ग्रॅम झाली, २००० साली २, २००५ साली बीएस-२ मध्ये १.५ आणि २०१० साली बीएस-३ मध्ये १ ग्रॅम. न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मिळून १९९६ साली ३.६ ग्रॅम, २००० साली २, मग १.५, मग १. बीएस म्हणजे भारत स्टेज.

२००० साल: शिसं गेलं, टू-स्ट्रोक गेली

१९९६ आणि २०००च्या मर्यादांनी टू-स्ट्रोकचा श्वास कोंडला. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. ज्यांनी टू-स्ट्रोक चालू ठेवली त्यांना सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावा लागला, आणि तो शिसं असलेल्या पेट्रोलने निकामी होतो. म्हणून पेट्रोल बदलणं भाग होतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. नियम, इंधन आणि यंत्र या तिघांना हातात हात घालूनच चालावं लागतं, हा धडा इथे पहिल्यांदा मिळाला.

पुढचा रस्ता आखायला सरकारने २००१ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले, आणि नीरी ज्या सीएसआयआरखाली येतं तिचे तेव्हाचे महासंचालक. त्या समितीच्या शिफारशींवरून वाहन-इंधन धोरण ठरलं आणि 'अमुक तारखेपासून अमुक टप्पा' असं वेळापत्रक आलं. तोवर उद्योगाला पुढची पायरी कधी येणार हे धड माहीत नसायचं. आता तारीख माहीत झाली. ती तारीख बहुतेक वेळा १ एप्रिल. अमेरिकेत 'मॉडेल इयर' कंपनी ठरवते, आपल्याकडे जुनी बाइक कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते हे १ एप्रिल ठरवतो.

ठिणगीचं काय झालं? पॉइंट गेले, सीडीआय आला. काळी डबी, आत इलेक्ट्रॉनिक्स, झिजणारा एकही भाग नाही. ठिणगीची वेळ हजारो किलोमीटर जागची हलत नाही. नियमाला हेच हवं होतं: गाडी कारखान्यातून निघताना जेवढी स्वच्छ, तेवढी पुढेही राहावी. बुलेटने मात्र बरीच वर्षं पॉइंट जपून ठेवले. बीएस-३ आलं तसं जुनं ओतीव लोखंडी इंजिन गेलं आणि तिथेही इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं.

मिस्त्रीच्या बाजूने बघा. पॉइंट घासता येत होते. सीडीआय घासता येत नाही, उघडताही येत नाही. आत राळ भरलेली असते. तो फक्त बदलता येतो. दुरुस्ती संपून बदली सुरू झाली ती इथे. तरी गाडी अजून मिस्त्रीच्या हातात होती, कारण शेजारच्या गाडीचा सीडीआय लावून खात्री करता येत होती.

पल्सरची गोष्ट: एसी की डीसी

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजने चाकणच्या कारखान्यातून पल्सर आणली, १५० आणि १८०. पुढची वीस वर्षं टाकीवर तेच नाव. पण २००२ची पल्सर, २००७ची पल्सर आणि २०१०ची पल्सर यांचं वायरिंग एकमेकांना लागत नाही. जुन्या गाडीचा भाग आणायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "यूजी किती?" यूजी म्हणजे अपग्रेड. २००३ मध्ये दोन प्लगवालं डीटीएस-आय तंत्र आलं. २००६ च्या सुमाराच्या यूजी-३ मध्ये डिजिटल मीटर, आपोआप बंद होणारे इंडिकेटर. आणि २००९ च्या यूजी-४ मध्ये बाहेरून न दिसणारा मोठा बदल झाला, सगळी वीजयंत्रणा डीसी झाली.

म्हणजे काय? आधी हेडलाइट थेट मॅग्नेटवर होता, इंजिन चालू तरच दिवा. आता मॅग्नेटची सगळी वीज आरआर युनिटमधून, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून, एकदिश होऊन बॅटरीत जाते आणि दिवा बॅटरीवर लागतो. सिग्नलला थांबलात तरी उजेड तेवढाच. ग्राहकाला वाटलं उजेड सुधारला. खरं तर बॅटरी आता गाडीचं हृदय झाली होती, आणि पुढे जे येणार होतं त्याची पायाभरणी होत होती.

मध्येच एक उलटा किस्साही घडला. हीरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली होती, बजाजने २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय, दोन्ही फ्युएल इंजेक्शनच्या. पण २००९ मध्ये बजाजने त्याच २२० मधलं इंजेक्शन काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवला आणि किंमत उतरवली, आणि ती गाडी जोरात चालली. का? कारण बीएस-३ ची मर्यादा कार्ब्युरेटरने पार होत होती. सायलेन्सरच्या तोंडाशी ताजी हवा सोडून उरलेला वायू जाळण्याची युक्ती होती, कन्व्हर्टर होता. तेवढं पुरत होतं. तंत्र हाताशी असूनही नियम मागत नाही तोवर ते सर्वांपर्यंत पोचत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

१ एप्रिल २०१७: एका दिवशी दोन नियम

आता आपण दिल्लीला जाऊ, कारण पुढचा प्रसंग सर्वोच्च न्यायालयात घडला. बीएस-४ दुचाकींच्या नव्या मॉडेल्सना १ एप्रिल २०१६ पासून आणि सर्व उत्पादनाला १ एप्रिल २०१७ पासून लागू होणार होतं. कंपन्यांचं म्हणणं, ही तारीख उत्पादनाची आहे, विक्रीची नाही. आधी बनवलेल्या बीएस-३ गाड्या नंतर विकू द्या. देशभर अशा सुमारे ८.२४ लाख गाड्या पडून होत्या, त्यातल्या ६.७१ लाख दुचाकी. यात पुण्याची बजाज ऑटो उलट्या बाजूला उभी होती: आम्ही वेळेवर बदललो, मग न बदलणाऱ्यांना बक्षीस का? २९ मार्च २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि दीपक गुप्ता यांच्या पीठाने निकाल दिला, १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद. लोकांचं आरोग्य कंपन्यांच्या नफ्यापेक्षा महत्त्वाचं.

पुढचे दोन दिवस काय झालं ते आठवत असेल. शोरूमबाहेर रांगा, दुचाकींवर २२ हजारांपर्यंत सूट. धूर कमी करणाऱ्या निकालाने दोन दिवसांत जास्त धुराच्या लाखो गाड्या घरोघरी पोचवल्या! कायद्याने चूक काहीच नाही, ३१ तारखेपर्यंत विक्री वैध होती. पण इतिहास असाच वाकड्या वाटेने जातो.

त्याच १ एप्रिलला दुसरा नियम आला, हेडलाइट कायम चालू. आठवतं, रस्त्यात समोरचा पंजा उघड-मीट करून खुणावायचा, "दादा, लाइट चालू आहे." आजही अनेकांना वाटतं हेडलाइट बंद न होणं म्हणजेच बीएस-४. तसं नाही. तो सुरक्षिततेचा नियम आहे, धुराचा नाही. युरोपात २००३ पासून होता. तारीख एक पडली म्हणून दोन्ही एकत्र लक्षात राहिले. पण वायरिंगवर परिणाम दोघांनी केला: स्विच गेला आणि बॅटरी-चार्जिंगवरचा भार वाढला.

धुराच्या बाजूने बीएस-४ मध्ये दोन गोष्टी नव्या होत्या. एक, पेट्रोलची वाफ पकडणारा कोळशाचा डबा. मे महिन्यात नागपुरात पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून, इंजिन बंद असतानाही, पेट्रोल उडत असतं. ते पहिल्यांदा मोजलं जाऊ लागलं. दुसरी, चाचणीच बदलली. ती ४२ किलोमीटरवाली भारतीय सायकल जाऊन जागतिक मोटारसायकल चाचणी आली. म्हणून एक कोडं दिसतं, बीएस-३ मध्ये कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा १ ग्रॅम, आणि बीएस-४ मध्ये बऱ्याच गाड्यांना १.४०३. मर्यादा सैल झाली का? नाही, परीक्षेचा पेपर अवघड झाला, म्हणून पासाचे गुण वेगळे दिसतात. नुसता आकडा वाचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

बीएस-६: गाडी स्वतःला मोजायला लागली

६ जानेवारी २०१६ रोजी आपल्या नागपूरचेच खासदार, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केलं की बीएस-५ गाळून २०२० मध्ये थेट बीएस-६. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारीख पक्की केली, ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ ची विक्री नाही. नेमकं २५ मार्चला लॉकडाऊन लागलं. न्यायालयाने थोडी सवलत दिली, आणि ८ जुलैला ती मागेही घेतली.

बीएस-६ मध्ये दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड १ ग्रॅम, न जळलेलं इंधन ०.१ ग्रॅम आणि नायट्रोजनचे ऑक्साइड ०.०६ ग्रॅम. तीही त्या अवघड परीक्षेत. पेट्रोलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं. इथे मात्र साधा कार्ब्युरेटर दमला. कारण कन्व्हर्टरला मिश्रण अगदी नेमकं लागतं, क्षणोक्षणी. कार्ब्युरेटर म्हणजे पितळी जेट. एकदा बसवलं की बसवलं. आता सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर आला, इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर, थ्रॉटल किती उघडलं ते सांगणारा, गाडी आडवी पडली तर पेट्रोल तोडणारा. या सगळ्यांचं ऐकून ईसीयू ठरवतो किती पेट्रोल सोडायचं. टाकीत विजेवर चालणारा पंप. बॅटरी मेली की पंप नाही, पंप नाही की गाडी नाही. किक अनेक गाड्यांतून गेलीच.

तरी कार्ब्युरेटर सहजासहजी गेला नाही. बजाजने काही छोट्या गाड्यांना सेन्सर जोडलेला इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर देऊन बीएस-६ पार केलं. पण एप्रिल २०२३ पासून गाडीने स्वतःचे दोष स्वतः ओळखून दिवा लावावा, हे ओबीडीचं दुसरं पाऊल आलं आणि तिथे तोही मागे पडला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा पुढचा टप्पा आला. मध्ये २०१८-१९ मध्ये १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे ब्रेकलाही तारा आल्या.

मग यात कोणाचं काय गेलं?

१९९६ची गाडी रोज दहा किलोमीटर चालली तर मर्यादेतच ४५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडायची. बीएस-६ ची दहा ग्रॅम, तीही कठीण परीक्षेत. ही मिळकत खरी आहे आणि ती सर्वांत जास्त मिळाली आहे ती दिवसभर सेंट्रल एव्हेन्यूच्या कडेला बसणाऱ्या विक्रेत्याला, ट्रॅफिक हवालदाराला, शाळेच्या रिक्षेतल्या पोराला. ज्यांना मुळात गाडी घ्यायची नव्हती त्यांना. "जुन्या गाड्याच चांगल्या होत्या" असं म्हणताना ही माणसं आपण विसरतो. मी विसरायला तयार नाही.

पण एक बाजू हिशेबात आलीच नाही. सीटखाली आता बहुतेक गाड्यांना एक छोटा कनेक्टर असतो. त्याला स्कॅनर लावला की गाडी आपला दोष आकड्यांत सांगते. ज्या दोषाला मिस्त्री आवाजावरून, प्लगच्या रंगावरून ओळखायचा, तो आता कोडमध्ये आहे. ज्याच्याकडे स्कॅनर, वायरिंगचा नकाशा आणि कोडचा अर्थ, गाडी त्याला कळते. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी ती बंद पेटी. नियम करताना गाडी बनवणाऱ्याशी चर्चा झाली, पेट्रोल शुद्ध करणाऱ्याशी झाली, न्यायालयात वकील बोलले. गाडीचं पुढचं पंधरा वर्षांचं आयुष्य ज्याच्या हातात जाणार त्याचा आवाज या इतिहासात फारसा ऐकू येत नाही.

हा फक्त त्याच्या पोटाचा प्रश्न नाही, हवेचा आहे. वॉरंटी संपली की गाडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये येते. तिथे ऑक्सिजन सेन्सर बदलायला महाग पडतो म्हणून त्याच्या तारा तोडून गाडी 'चालती' केली, की बीएस-६ ची गाडी कागदावरच बीएस-६ राहिली. आणि हे पकडणार कोण? आपली पीयूसी पेट्रोल गाडीचा आयडलिंगवरचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन बघते. नायट्रोजनचे ऑक्साइड ती मोजतच नाही. म्हणजे हजारो कोटी खर्चून जी स्वच्छता कारखान्यात मिळवली, ती टिकणार की नाही हे शेवटी मिस्त्रीला गाडी कळते का, यावर आहे.

युरोपच्या ज्या नियमावलीशी आपला बीएस-६ मिळताजुळता आहे, त्या १६८/२०१३ क्रमांकाच्या नियमावलीत स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती मिळाली पाहिजे असं वेगळं प्रकरण आहे. ग्रॅमचे आकडे आपण तिथले घेतले. ही माहिती आपल्या इतवारीच्या, महालच्या गॅरेजपर्यंत पोचली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली, त्यात वाहनं हे एक क्षेत्र आहे. वाट उघडली आहे. तिच्यावरून चालायला लावणं हे ग्राहकांचं आणि मिस्त्री मंडळींचं काम.

पॉइंट घासणाऱ्या मिस्त्रीला आपण प्रदूषण-नियंत्रण करतोय हे माहीत नव्हतं, तरी तो करत होता. आजच्या मिस्त्रीला ते माहीत आहे, पण साधन नाही. त्याला साधन मिळेल तेव्हा हा नियम पुरा झाला असं मी म्हणेन.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझी गाडी बीएस-३ आहे. ती चालवायला बंदी आहे का?*

नाही. २०१७ची बंदी नव्या गाडीच्या विक्रीवर आणि नोंदणीवर होती, वापरावर नाही. नोंदणीची पंधरा वर्षं पुरी झाली की तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. दिल्ली परिसराचे नियम वेगळे आहेत. तिथलं ऐकून इथली गाडी घाईघाईने भंगारात काढू नका. पीयूसी मात्र वेळेवर करा.

*जुन्या एसी हेडलाइटच्या गाडीला एलईडी बल्ब लावला तर चालेल का?*

एसीवर एलईडी लुकलुकतो आणि लवकर जातो, कारण दर क्षणी दिशा बदलणारा प्रवाह त्याला मानवत नाही. लोक मग अख्खी गाडी डीसी करून घेतात. पण तुमचा स्टेटर तेवढी वीज देतो का, हे आधी बघा. नाहीतर चार दिवसांत बॅटरी बसेल. आणि कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडी कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं आहे. तेव्हा काच साफ करा, अर्थिंगची तार घट्ट करा, चांगला मूळ बल्ब लावा. निम्मा उजेड तिथेच परत येतो.